अनुभव धागा : तुमच्या कोपऱ्यावरचं हलाल पिझ्झाचं दुकान

जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरपासून दोन गल्ल्या आत, एक पिझ्झाचं दुकान आहे. चार टेबलं, काचेवर हिरव्या अक्षरांत ‘हलाल’, आत जुना डेक ओव्हन. मालक इजिप्तचे. आधी बरीच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात पीठ मळलं, मग स्वतःचं थाटलं. सहा वर्षं मी त्यावरून रोज स्टेशनला जात होते, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. ते आपल्यासाठी नाही, असं कुठेतरी मनाशी धरून बसले होते. गेल्या नोव्हेंबरात पावसाने गाठलं आणि शिरले.

अठरा इंची पिझ्झाचा आठवा हिस्सा म्हणजे कागदी ताटलीबाहेर टोक लोंबणारा तुकडा. मालकांनी तो पुन्हा ओव्हनमध्ये सरकवला, दीडेक मिनिटाने बाहेर काढला. मधून दुमडला तरी टोक खाली पडलं नाही, कड दाबली तर कुरकुरली. सॉसमध्ये साखर नव्हती, टोमॅटोची आंबट चव तशीच राखलेली. याहून महागडे तुकडे मी मॅनहॅटनमध्ये खाल्लेत, पण इतके नीट भाजलेले थोडेच.

पण मनात राहिलं ते वेगळंच. माझ्यापुढे स्कार्फ बांधलेल्या एक आजी होत्या. त्यांनी अरबीत काहीतरी विचारलं. मालक आत गेले, पेपरोनीचं (पिझ्झावर घालायच्या मसालेदार सॉसेजच्या चकत्यांचं) पाकीट घेऊन आले आणि मागची बाजू त्यांच्यापुढे धरली. आजींनी चष्मा कपाळावर सरकवला, पाकीट डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचलं, मान हलवली आणि मग पैसे काढले. मागे सहा माणसं उभी होती. कोणीही घाई केली नाही.

इतकी वर्षं बाहेर खातेय, पण असं विचारून, वाचून मी कधी खाल्लेलं नाही. म्हणून हा धागा. तुमच्या भागात असं दुकान असेल तर काय खाल्लंत, काय विचारलंत, काय उत्तर मिळालं, ते लिहा. चवीबद्दल तर लिहाच. धर्मावरचे वाद मात्र इथे नकोत.

लेस्टर, इंग्लंड

मी श्रीवर्धनची, कोकणी मुसलमान. लग्न होऊन इथे आले त्याला चौदा वर्षं झाली. तुमच्या त्या आजींच्या जागी मी स्वतःलाच बघितलं. डुक्कर नको, एवढ्यावर आमचं भागत नाही. कोंबडी कशी कापली, सॉसमध्ये वाइन आहे का, पीठ मऊ पडावं म्हणून घालतात ते ई९२० नावाचं द्रव्य पिसांपासून केलंय की दुसऱ्या कशापासून, हे सगळं बघावं लागतं.

इथे दारावर एचएमसीचा स्टिकर असला की निम्मे प्रश्न मिटतात. ही हलाल मॉनिटरिंग कमिटी, मूळ आमच्या लेस्टरचीच. कापण्याआधी जनावराला बेशुद्ध केलेलं त्यांना चालत नाही. दुसरी एचएफए, म्हणजे हलाल फूड ऑथॉरिटी, ती काही प्रकारचं स्टनिंग, म्हणजे बेशुद्ध करणं, मान्य करते, फक्त त्याने जनावर मरता कामा नये. आमच्या घरात पहिलीचाच आग्रह. नणंदेकडे दुसरीही चालते, त्यामुळे ईदचं जेवण आमच्याकडे ठरलेलं.

एव्हिंग्टन रोडच्या बाजूला छोटंसं दुकान आहे, तिथला तंदुरी चिकनचा पिझ्झा आमच्या घरात सगळ्यांना आवडतो. हिरवी मिरची आणि स्वीटकॉर्न असतं वर. अम्मी गावाहून आली तेव्हा तिला नेलं. घास उचलण्याआधी तिने विचारलं, “ह्यातलं सगळं चालतं ना गं आपल्याला?” मी न थांबता हो म्हटलं. बाहेर खाताना इतकं पटकन ‘हो’ मला कधीच म्हणता आलं नव्हतं. तिने तीन तुकडे खाल्ले. कडा रुमालात बांधून घरी आणल्या, संध्याकाळी चहाबरोबर खाल्ल्या.

शिकागो

मी कोल्हापूरचा, इथे शिकायला आलोय. मटण, चिकन सगळं खातो, गाईचं खात नाही. हलाल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चिकन-मटणच यायचं, म्हणून डेव्हॉन ॲव्हेन्यूजवळच्या दुकानात बिनधास्त पेपरोनी मागितली. बिलावर टाकायला काउंटरवरच्या हैदराबादी पोराने नाव विचारलं. नाव ऐकून थांबला. पुढे वाकून, मागच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, “भाई, ये बीफ है. चलेगा?”

अमेरिकेतल्या नेहमीच्या पेपरोनीत बहुतेक वेळा डुक्कर आणि बीफ मिसळलेलं असतं. हलाल दुकानात त्यातलं डुक्कर जातं आणि उरतं ते बीफ. काही ठिकाणी टर्कीची मिळते. आपल्याकडून येणाऱ्या ज्या मुलांना बीफ चालत नाही, त्यांनी पेपरोनी, सॉसेज आणि मीटबॉल विचारल्याशिवाय घेऊ नये. पाटीवर बीफ हा शब्द नसला तरीसुद्धा.

त्या पोराने मला चिकन टिक्क्याचा दिला. कापायला ओट्याखालून दुसरा कटर काढला, मी न सांगता. दीड वर्ष झालं, अजून त्याच्याकडेच जातो.

जर्सी सिटी

हे वाचून मी आज मुद्दाम विचारून आले. आमच्या दुकानातली पेपरोनीही बीफचीच आहे. पुढच्या खेपेला मी तीच घेणार होते. मनापासून आभार.

एडिसन, न्यू जर्सी

आम्ही शाकाहारी, घरात अंडंही नाही. ओक ट्री रोडच्या पुढे हलालची पाटी बघून लेक म्हणाली, आई, इथे आपल्याला काय मिळणार? मी तरी चीजबद्दल विचारून बघितलं. इथे चीजच्या पाकिटावर बऱ्याचदा नुसतं ‘एन्झाइम्स’ छापलेलं असतं. ते वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट, की प्रयोगशाळेत बुरशीपासून तयार केलेलं, काही कळत नाही. इतर ठिकाणी हा प्रश्न केला की समोरचा नुसता बघत राहतो. इथे माझं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर आलं, “मायक्रोबियल.” त्यांची नेहमीची गिऱ्हाइकंही हेच विचारतात म्हणे. चीजच्या कंपनीकडून आलेला कागद फ्रिजच्या दाराला चिकटवलेला होता, तो काढून माझ्या हातात दिला.

पुढे त्यांनीच सांगितलं, ताई, वरून भुरभुरवायचं पार्मेजान तुम्ही घेऊ नका. अस्सल पार्मिज्यानो रेज्जानो वासराच्या रेनेटनेच करायचं, असा इटलीत नियम आहे. वीस वर्षं मी ते घरी पास्त्यावर घालत आलेय, देवाच्या नैवेद्याच्या दिवशीसुद्धा. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा केला.

आता आमचा शुक्रवारचा पिझ्झा तिथलाच. जुम्म्याच्या नमाजाला दुपारी दुकान तासभर बंद असतं, एवढं लक्षात ठेवून जावं.

कोंढवा, पुणे

ॲपवर ‘हलाल’ लिहिलेलं बघून एका दुकानातून आम्ही वर्षभर मागवत होतो. नाव लिहीत नाही. एकदा घ्यायला स्वतः गेलो. पाटावर डुकराचा हॅम कापला, ओल्या फडक्याने सुरी पुसली आणि त्याच पाटावर, त्याच सुरीने आमचं चिकन. विचारलं तर म्हणाला, चिकन हलालच आहे, बाकीचं ओव्हनमध्ये जळून जातं. मी भांडलो नाही. खोका तिथेच ठेवला आणि निघालो. घरी बायकोला सांगताना मात्र गळा दाटून आला. वर्षभर मुलांना भरवलं होतं.

आता मागच्या गल्लीतल्या पोराकडून घेतो. बेस जाड आहे, सॉस गोड आहे, ते त्याला तोंडावर सांगितलंही आहे. पण डुकराचं मांस त्याच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

मुंब्रा-कौसा

सगळे काउंटरच्या बाहेरून लिहितायत, मी आतून लिहितो. आमचं मूळ महाडकडचं. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कित्येक कुटुंबं मुंब्र्यात आली, त्यातलंच आमचं. दुकानाला सात वर्षं झाली. नऊ बाय बारा फूट जागा, १९ किलोच्या सिलिंडरवर चालणारा ओव्हन, दोन फ्रिज, मी आणि माझा भाचा.

मांस हलाल असावं म्हणून मला इथे धावपळ करावी लागत नाही. कोंबडीवाला शेजारचाच, समोर कापून देतो. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. म्हशीचं चालतं, पण पिझ्झावर लोक चिकनच मागतात. टिक्का, शीख, मलई. खरा त्रास टिक्क्याने दिला. दह्यातला टिक्का तसाच बेसवर घातला की ओव्हनमध्ये पाणी सुटतं आणि मधला भाग कच्चा राहतो. पहिले सहा महिने लोक पिझ्झा परत आणून देत होते. मग एका जुन्या तंदूरवाल्याने शिकवलं : दही रात्रभर फडक्यात टांगून ठेव, टिक्का आधी भाज, पूर्ण गार कर, मग वर घाल. तेव्हापासून एकही परत आला नाही.

पीठ आदल्या रात्री मळतो. दहा इंची बेसला २४० ग्रॅमचा गोळा, चोवीस तास फ्रिजमध्ये. तेवढं थांबलं तरच कडेला फोड येतात आणि पोटाला जड पडत नाही. जास्त वेळ लाइट गेली की गोळे फुगून एकमेकांना चिकटतात, वास आंबूस येतो. मग तो घाणा टाकून द्यायचा आणि त्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं.

आणखी एक गोष्ट. पामतेलाचं ॲनालॉग चीज मोझरेलाहून खूप स्वस्त पडतं. वितळतं, पण तार धरत नाही, गार झालं की टाळूला तेलाचा थर बसतो. होलसेलवाला दर महिन्याला विचारतो, घ्या ना, कोणाला कळतंय? मी घेत नाही. हलाल फक्त सुरीपुरतं नसतं. दुधाचं म्हणून तेल विकलं तर गल्ल्यातला तो पैसा मला हराम आहे.

बघायचं असेल तर रमजानमध्ये या. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या आधी फोन थांबत नाही. अजान झाली की सगळा रस्ता शांत होतो. आम्ही दोघं तिथेच उभ्याने खजूर तोंडात टाकतो, पाणी पितो, पाच मिनिटं ओव्हनचं दार उघडत नाही. रात्रीच्या तरावीहच्या नमाजानंतर पुन्हा गर्दी, ती थेट सहरीपर्यंत, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत.

मिसिसागा, कॅनडा

आम्ही सोलापूरचे. लेकीच्या शाळेत अधूनमधून पिझ्झा लंच असतो. यादीत दोनच नावं, चीज आणि पेपरोनी. ती नेहमी चीजवर खूण करायची आणि घरी काही बोलायची नाही. एकदा तिने वर्गाचं चित्र काढलं. सगळ्या मुलांच्या हातात लाल ठिपक्यांचा तुकडा, हिच्या हातातला नुसता पिवळा. मी ते चित्र बराच वेळ हातात धरून बसलो.

सातव्या वाढदिवसाला वर्गातल्या मुलांना घरी बोलावलं आणि आमच्या चौकातल्या हलाल दुकानात पाच मोठे पिझ्झे सांगितले. चार बीफ पेपरोनीचे, एक पनीरचा, कारण तिच्या दोन मैत्रिणी गुजराती. मालकाने विचारलं, एवढे कशाला? मी चित्राबद्दल सांगितलं. ते काही बोलले नाहीत. घरी येऊन पहिला खोका उघडला तर पेपरोनीच्या चकत्या एकाला एक लावून मधोमध सातचा आकडा काढलेला.

एका मुलाने तुकडा उचलून विचारलं, हा शाळेतल्यासारखाच आहे का? लेक म्हणाली, हो, तोच. आणि सगळ्यांच्या मधे बसून तिने ठिपक्यांचा तुकडा खाल्ला, हनुवटीपर्यंत सॉस लावून. त्या खोक्याचं तेलकट झाकण तिने फेकू दिलं नाही. ते अजून तिच्या पलंगामागे भिंतीला टेकवून उभं आहे.