निकेबाइनचा शोध: श्रेय एनिग्माचं की भंगारातल्या रिसीव्हरचं?

भंगारवाला
१९४० साली जर्मन विमानं रात्रीच्या अंधारात इंग्लंडमधलं लक्ष्य 'निकेबाइन' नावाच्या रेडिओ-शलाकांवरून गाठणार होती. हे ब्रिटिशांना एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश फोडल्यामुळे कळलं, असं सर्रास लिहिलं जातं. मला हे श्रेय चुकीच्या खात्यात जमा झालेलं वाटतं. जूनमधल्या त्या संदेशात होतं काय? क्लीव्ह हे जर्मन गाव, 'निकेबाइन' हा शब्द आणि ५३ अंश २४ मिनिटं उत्तर, १ अंश पश्चिम ही जागा. फ्रिक्वेन्सी नाही, शलाका कुठल्या संचावर ऐकायची तेही नाही. ते सांगितलं पाडलेल्या हाइंकेल विमानातल्या लोरेन्झ रिसीव्हरनं. ढगाळ हवेत धावपट्टीवर उतरायला मदत करणारा संच, पण त्या कामाला लागते त्याच्या कितीतरी पट संवेदनशील! शिवाय तो ३०, ३१.५ आणि ३३.३ मेगाहर्ट्‌झवरच लागायचा. म्हणजे शोधायचं कुठे, तेही आयतंच मिळालं.

खरखर
अहो, पण त्या संचाची तपासणी फार्नबरोच्या ब्रिटिश विमान-संशोधन केंद्रात आधीच झाली होती आणि कुणाला काही खटकलं नव्हतं. संदेश हाती आल्यावर ब्रिटिश हवाई हेरखात्यातले वैज्ञानिक आर. व्ही. जोन्स यांनी मुद्दाम विचारलं, तेव्हा कुठे तपासणाऱ्याच्या लक्षात आलं की संवेदनशीलता जरा जास्तच आहे. प्रश्न माहीत नसेल तर भंगार बोलत नाही.

आणि कागदावरच्या तर्काला तरी कोण विचारत होतं? मार्कोनी कंपनीचे एकर्सली म्हणत होते की एवढ्या आखूड लहरी पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळणारच नाहीत. निकाल लावला तो २१ जूनच्या रात्री उडालेल्या अ‍ॅन्सन विमानानं, तेही हौशी रेडिओवाल्यांचे अमेरिकन रिसीव्हर लावून. स्पाल्डिंगच्या मैलभर दक्षिणेला ४०० ते ५०० यार्ड रुंदीचा पट्टा सापडला: ३१.५ मेगाहर्ट्‌झ, त्यावर ११५० हर्ट्‌झचा सूर, दक्षिणेला टिंबं (आखूड ठोके), उत्तरेला रेघा (लांब ठोके), मधोमध सलग आवाज. दुसरी शलाका बीस्टनजवळून जात होती. दोन्ही छेदतात डर्बीत, जिथे रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनं बनवत होती.

मध्यम
श्रेयावरून भांडताय खरे, पण सगळं कळूनही १४ नोव्हेंबरच्या रात्री कोव्हेंट्री शहर जळलंच ना? तिथे वापरलेली एक्स-गेरेट ही शलाका-यंत्रणा वेगळी, ६६ ते ७७ मेगाहर्ट्‌झची. मुख्य शलाकेवरून जाताना लक्ष्याच्या २० किलोमीटर अलीकडे एक आडवी शलाका लागली की घड्याळाचा पहिला काटा सुरू. ५ किलोमीटरवर दुसरी लागली की तो थांबतो आणि तिप्पट वेगाचा दुसरा काटा सुटतो. दोन्ही जुळले की बॉम्ब आपोआप खाली. १५ किलोमीटरला लागलेल्या वेळेच्या एक तृतीयांश वेळेत उरलेले ५ पार, म्हणून विमानाचा वेग ठाऊक नसला तरी चालतं.

शलाकेवर गोंगाट सोडणारे ब्रिटिश जॅमर तयार होते. पण त्यांचा सूर १५०० हर्ट्‌झवर लावलेला आणि जर्मन संचातली गाळणी २००० वर. हे गुणोत्तर ३:४, म्हणजे सा आणि शुद्ध मध्यम यांतलं अंतर! गाणं शिकणाऱ्या पोराच्याही कानाला खटकलं असतं. गाळणीनं तो गोंगाट बाहेरच ठेवला.

खरखर
यात हेरगिरीचा दोष काय? ६ नोव्हेंबरला ब्रिडपोर्टजवळच्या वेस्ट बे किनाऱ्यावर ती गाळणी असलेलं हाइंकेल उतरलं होतं. सैन्यानं पहारा बसवला, नौदलानं ते आपलं म्हणून दोर बांधून खोल पाण्यात ओढलं आणि दोर तुटला. संच बाहेर निघाले ते वाळू भरलेले. १४ नोव्हेंबर उलटल्यावर गाळणीचा आकडा कळला. (आणि चर्चिलनी कोव्हेंट्री जाणूनबुजून जळू दिलं, हे इथे कुणी आणू नका. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना लंडनवरच हल्ला होईल असं वाटत होतं.)

भंगारवाला
म्हणजे फिरून भंगारापाशीच आलात की! असो, प्रश्न संदेशानं सुचवला हे मान्य. पण १५०० की २००० हे कुठल्या संदेशात लिहून येणार होतं? ते आतून उघडून मोजावं लागतं. निकेबाइनवरचा उताराही असाच हाताशी असलेल्या वस्तूंतून निघाला. सुरुवातीला रुग्णालयांतली डायाथर्मी (रेडिओ-लहरींनी शेक देणारी) यंत्रं गोंगाट करायला लावली, मग 'अ‍ॅस्पिरिन' जॅमर आले, नुसत्या रेघा ओतणारे. पट्ट्याच्या मधोमध असलेल्या वैमानिकालाही रेघाच जास्त ऐकू यायच्या.

मध्यम
त्यातून 'ब्रिटिशांनी शलाका वाकवल्या' ही दंतकथा निघाली. त्या रेघा जर्मन टिंबांशी ताल जुळवून सोडलेल्याच नव्हत्या, मग वाकणार कशा?