एमएससी नर्सिंग की एनपीसीसी? सीनियर्सचा सल्ला हवा आहे

नमस्कार. बीएससी नर्सिंग करून मी परळच्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल आयसीयूत स्टाफ नर्स आहे. पुढे शिकायचं नक्की आहे, पण शाखा ठरत नाहीये.

एमएससीच्या पाच शाखांपैकी मेडिकल-सर्जिकल आणि मानसिक आरोग्य या दोन डोक्यात आहेत. मानसिक आरोग्याचा विचार आयसीयूत डिलिरियम (आजारपणात अचानक होणारा गोंधळ, भ्रम) झालेले पेशंट बघूनच आला. दुसरीकडे भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स, म्हणजे एनपीसीसी. तोही 2 वर्षांचाच, पण रेसिडेन्सी असल्यामुळे बहुतेक वेळ पेशंटजवळ जातो, आणि मला तेच हवंय. व्हेंटिलेटरचं वीनिंग (पेशंटला हळूहळू मशीनवरून काढणं), एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) वाचणं यात माझं मन रमतं.

घरचे म्हणतात, एमएससी कर, कॉलेजात शिकवशील, नाइट ड्युटी सुटेल. विरारहून माझी होणारी दमछाक आई रोज बघते, तिचं म्हणणंही मला पटतं.

एनपीसीसी केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा, मुंबईत हुद्दा आणि पगार खरंच बदलला का, की पुन्हा स्टाफ नर्सच? प्रोटोकॉलप्रमाणे निर्णय घ्यायची मोकळीक मिळते का? आणि आयसीयूतून मानसिक आरोग्याकडे वळलेल्या ताई-दादांनीही जरूर लिहा.