मदत हवी आहे: सेरोटोनिन देऊनही शिंपल्याच्या स्नायूचा ‘कॅच’ सुटत नाही

मायटिलसचा (खडकाला चिकटून राहणारा शिंपला) बायसस, म्हणजे त्याचे चिकटायचे धागे, ओढणारा पुढचा स्नायू, मिलिमीटरभर जाड पट्टी, कृत्रिम समुद्रपाण्यात १५ अंशांवर. १०० मायक्रोमोलर ॲसिटिलकोलीनवर (स्नायू आकुंचित करणारं रसायन) ताण झकास चढतो, धुतल्यावरही टिकतो; हा टिकून राहिलेला ताण म्हणजेच ‘कॅच’. इथवर ठीक. पण १ मायक्रोमोलर सेरोटोनिनने तो सुटायला हवा, तर जेमतेम पाचवा हिस्सा उतरतो आणि ताणाच्या आलेखाची रेघ सपाट. १० पर्यंत नेलं, फरक नाही. द्रावण ताजं, अंधारात ठेवलेलं (जुनं तपकिरी पडलं होतं, फेकलं). बाथ तीनदा बदलला.

कॅचमध्ये पट्टी झटकन सैल केली तर ताण परत चढायला नको, माझ्याकडे थोडा चढतो. म्हणजे स्नायू अजून सक्रियच. आत अडकलेलं ॲसिटिलकोलीन काढायला पट्टी आणखी बारीक चिरावी, की सेरोटोनिनआधी जास्त वेळ धुणं पुरेल?