मदत हवी आहे: कमाटीबागेतला वड कागदावर उतरत नाहीये

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. दोन महिने झाले, रोज सकाळी कमाटीबागेत (सयाजीबाग हो, १८७९ ची, पण आमच्याकडे तसं कोण म्हणतंय!) स्केचबुक घेऊन बसते. फोटोवरून नाही, समोर बघूनच काढायचं असं ठरवलंय.

अडतंय ते वडापाशी. पारंब्या जमतात: दोरीसारख्या लोंबणाऱ्या, टोकाला फिकट, कोवळ्या. पण गच्च पानांचा भाग आला की मी एकेक पान काढत बसते आणि झाडाचा फ्लॉवरचा गड्डा होतो. डोळे किलकिले करून नुसते उजेड-सावलीचे आकार बघून पाहिले. बरं जमतं, पण अर्ध्या तासात सावली सरकते. तुम्ही सावल्या आधीच पेन्सिलीने आखून ठेवता का?

दुसरं म्हणजे, पेनच्या रेषेवर जलरंगाचा हात फिरवला की शाई पसरते. वॉटरप्रूफ शाई साध्या फाउंटन पेनात भरली तर निब चोंदेल का? माझा १५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; जितकं जास्त तितका कागद जाड) कागदही पापडासारखा फुगतो. थेट ३०० चा घेऊ?

आणि एक आजोबा रोज मागे उभे राहून म्हणतात, "झाड काय काढतेस, विश्वामित्री नदीतली मगर काढ!" यावरही उपाय असेल तर सांगा.