नवशिक्यासाठी रिमोट कार, बजेट १२ हजार: कोणती घ्यावी?

पेव्हरब्लॉक
भाच्याला (वय १२) रिमोट कार द्यायची आहे. खेळण्यांच्या दुकानातली हजार-दीड हजारवाली नको, ती महिन्याभरात माळ्यावर जाते. चालवायला जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग आणि बाजूचं मुरमाचं मैदान. बजेट १२ हजार. एक ब्रशलेस मोटरची बघून ठेवलीय, ७० किमी वेग लिहिलाय, पण सगळे पैसे तिच्यातच जातात. दुसरी ब्रश मोटरची, डब्ल्यूएलटॉइज १४४००१, ती बरीच स्वस्त पडते. दोन्हींत नेमका फरक काय?

बेअरिंग
आधी ७० किमी डोक्यातून काढा. ५० किमी म्हणजे सुद्धा सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ३० मीटरचं पार्किंग दोन सेकंदांत संपतं आणि पुढे कोणाच्या तरी स्कूटरचं चाक असतं. नवीन हाताला २५-३० भरपूर झाले.

वेगाऐवजी तीन गोष्टी बघा. पहिली, स्टिअरिंग आणि थ्रॉटल (वेगाचा ट्रिगर) दोन्ही प्रपोर्शनल हवेत: रिमोटचं चाक जेवढं फिरवाल तेवढीच गाडी वळली पाहिजे. पूर्ण डावं, पूर्ण उजवं एवढंच येत असेल तर ते महागडं खेळणं. दुसरी, सर्वोला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला, तीन वायरी असाव्यात. बऱ्याच स्वस्त गाड्यांत पाच वायरींचा सर्वो असतो. त्याचं सर्किट रिसीव्हरच्या (गाडीतल्या, रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या) बोर्डावरच असतं, त्यामुळे बाजारातला साधा सर्वो तिथे बसत नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: पार्ट मिळतात का? गाडीचा मॉडेल नंबर आणि पुढे ‘ए आर्म’ (चाक धरणारा दांडा), ‘स्टिअरिंग हब’ (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग), ‘स्पर गिअर’ (मोटर फिरवते तो मोठा गिअर) असं एकेक टाकून शोधा. तिन्ही भारतातल्या विक्रेत्याकडे मिळत नसतील तर ती गाडी घेऊ नका, कितीही देखणी असो.

१२ पैकी ८ ते ९ गाडीवर घाला. उरलेल्यात दुसरी बॅटरी, चार्जर आणि सुटे भाग.

मुरूम_आणि_माती
वरच्याशी सहमत, ब्रशलेसबद्दल थोडी भर. ब्रश मोटरमध्ये कार्बनचे ब्रश कम्युटेटरवर (फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) घासतात, म्हणून ती झिजते आणि तापते. पण स्वस्त असते आणि दोन वायरी जोडल्या की काम झालं. ब्रशलेसमध्ये घासणारं काही नाही. टिकते जास्त, ताकदही जास्त, आणि ती ताकद प्लास्टिकच्या गिअरवर आणि ड्राइव्ह शाफ्टवर (चाकांना फिरवणाऱ्या दांड्यावर) येते. शिकणारा मुलगा गाडी भिंतीला टेकलेली असताना सुद्धा ट्रिगर दाबून धरतोच. तिथे ब्रश मोटर कुरकुरते, ब्रशलेस स्पर गिअरचे दात उडवते.

तरी ब्रशलेसच हवी असेल तर एमजेएक्स हायपर गोच्या १/१६ (खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्शाच्या) गाड्या बघा, पण रिमोटवर थ्रॉटलची मर्यादा घालता येते ना, हे विचारून. दुसऱ्या कंपनीची एचबीएक्स १६८८९ ही ब्रशवाली, १६८८९ए ब्रशलेस. विक्रेते दोन्ही एकाच फोटोवर विकतात, तेव्हा शेवटचं अक्षर नीट वाचा.

१४४००१ चा एक तोटा कोणी सांगत नाही. ती बग्गी आहे, पोट जमिनीलगत. पेव्हरवर आणि दाबलेल्या मुरमावर झकास, गवतात मात्र अडकून बसते. मैदानात गवत असेल तर मोठ्या चाकांची ट्रक घ्या.

परदेशी साइटवरचा भाव बघून हुरळू नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. त्यात लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी विमानाच्या पार्सलात बऱ्याचदा अडते. गाडी घरी आणि बॅटरी नाही, असा प्रकार.

पेव्हरब्लॉक
गवत नाही, तेव्हा १४४००१ नक्की. डबा उघडल्यावर लगेच पळवायची का? आणि चार्जर सोबत येतो ना, मग वेगळा कशाला?

बेअरिंग
लगेच नको, अर्धा तास द्या.

मोटरचे दोन स्क्रू आधी तपासा. ते सैल असले की मोटर मागे सरकते, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) स्पर गिअरच्या दातांच्या टोकावर चालतो आणि दात सोलले जातात. स्क्रू ढिले करा, दोन्ही गिअरच्या मध्ये साध्या वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर हलकेच दाबून स्क्रू आवळा, मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या एकसारख्या उमटल्या पाहिजेत आणि ती फाटता कामा नये. फाटली तर गिअर फार घट्ट बसलेत. आवाज ‘कर्रर्र’ येत असेल तर सैल, बारीक शिट्टीसारखा येत असेल तर घट्ट.

धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. लाल वापरू नका, नंतर स्क्रूचं डोकं जाईल पण स्क्रू निघणार नाही. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला काहीच लावायचं नाही, थ्रेडलॉकरने प्लास्टिकला चिरा जातात.

सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना उलट, आधी गाडी.

मुरूम_आणि_माती
चार्जरचं: सोबतची यूएसबी वायर १५०० एमएएचच्या बॅटरीला दोन-तीन तास घेते आणि गाडी तेवढ्यावर जेमतेम १०-१२ मिनिटं पळते. पोरगं कंटाळणार. बी६ प्रकारचा बॅलन्स चार्जर घ्या (बॅटरीतले दोन्ही सेल सारखे भरणारा), १सी ने, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेएवढ्या करंटने लावा: १५०० ला १.५ अँपिअर. सव्वा तासाच्या आत होतं, आणि दोन्ही सेलचा व्होल्टेज पडद्यावर दिसतो. दोन सेलमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसायला लागला की ती बॅटरी उताराला लागली असं समजा.

पूर्ण भरल्यावर सेल ४.२ व्होल्ट, ३.३ च्या खाली जाऊ देऊ नका. गाडी मंदावली की थांबायचं, ‘अजून एक चक्कर’ नाही. आठवडाभर खेळणार नसाल तर सेलला ३.८ वर आणून ठेवा, भरलेली ठेवली तर फुगते. फुगलेली चार्जला लावायची नाही. चार्जिंग फरशीवर, गादीवर कधीच नाही, आणि १२ वर्षांच्या मुलाने एकट्याने नाही.

दोन बॅटऱ्या सलग लावू नका. पहिली संपली की मोटरला बोट लावा. तीन सेकंद धरवत नसेल तर १५ मिनिटं थांबा.

कोकणी_टायर
सुटे भाग गाडीसोबतच मागवा: पुढचे ए आर्म एक जोडी, स्टिअरिंग हब एक जोडी, स्पर गिअर दोन. मोडणार पुढचंच, कारण धडक पुढून बसते.

सुट्टीत कोकणात नेलीत तर किनाऱ्यावर चालवू नका. खारी वाळू बेअरिंगमध्ये शिरली की धुऊन निघत नाही, चार दिवसांत गंजते. पावसाळ्यातही डबक्यातून नको, ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं बहुतेक वेळा शिंतोड्यांपुरतंच असतं. भिजलीच तर आधी बॅटरी काढा, मग फडकं.