मदत हवी आहे : जपानच्या चौकटीत फोटो कोणाचा लावू?

मधली_सुट्टी
पाच देश, पाच हुकूमशहांचे फोटो लावायचेत. इटली मुसोलिनी, जर्मनी हिटलर, रशिया स्टॅलिन, स्पेन फ्रँको. चार झाले. पाचवी चौकट जपानची आणि तिथे दोन दिवस अडकलोय. एकीकडे टोजो म्हणतात, दुसरीकडे सम्राट हिरोहितो, तिसरीकडे नुसतं 'लष्करशाही'. लष्करशाहीचा फोटो कुठून आणू? फक्त नाव सांगा, निबंध नको. उद्या संध्याकाळी लागणार आहे.

वरणफळ
टोजो. विषय संपला.

जुनी_वही
संपला कसा? टोजो पंतप्रधान झाला ऑक्टोबर १९४१ मध्ये. तोवर जपानने चीनचा मांचुरिया प्रांत गिळून दहा वर्षं झाली होती आणि चीनशी युद्ध पेटून चार. धागाकर्ते, कालखंड कोणता धरलाय? आणि हे कशासाठी? शाळेचा प्रकल्प, परीक्षा की भाषण?

मधली_सुट्टी
दोन महायुद्धांच्या मधला. उघड आहे की.

जुनी_वही
तुमच्या डोक्यात उघड असेल, धाग्यात कुठेच नाही. मग टोजो कटाप.

इंजिनदादा
मूळ कारण समजून घ्या. महागाई! जर्मनीत १९२३ मध्ये पाव आणायला हातगाडीभर नोटा लागत. म्हणून वैतागून लोकांनी हिटलरला निवडून दिलं. बाकी सगळा पाल्हाळ.

जुनी_वही
दादा, महागाई १९२३ ची. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतं किती? २.६ टक्के. मंदी आली, बेकारी साठ लाखांवर गेली, तेव्हा कुठे जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के झाली. तेही बहुमत नव्हे. जानेवारी १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने हिटलरला चान्सलर नेमलं. आणि जर्मनीबद्दल विचारलंय कोणी?

इंजिनदादा
कारण कळल्याशिवाय फोटो लावून काय उपयोग?

तिरफळ
यादीत पोर्तुगालचा सालाझार नाही हे बघून वाईट वाटलं. गोव्यात, मराठी माणसाच्या दारात तीसेक वर्षं बसलेला हुकूमशहा, आणि तुम्हाला फ्रँको आठवतो!

वरणफळ
सालाझार तर अर्थशास्त्राचा प्राध्यापक. लष्कराशी काय संबंध?

तिरफळ
त्याला आणलं लष्करानंच. १९२६ चं बंड सेनाधिकाऱ्यांचं. त्यांना हिशेब जमेनात म्हणून १९२८ मध्ये ह्याला अर्थमंत्री केला. १९३२ मध्ये पंतप्रधान, १९३३ मध्ये स्वतःला हवी तशी राज्यघटना. त्याआधी १९३० चा वसाहत कायदा, ज्याने गोंयकाराला कागदोपत्री खालच्या पायरीवर बसवलं. लुईस दे मिनेझिस ब्रागांझांनी त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात त्याविरुद्ध ठराव मांडला. आजोबा सांगायचे, लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून मगच छापायची. हे तुमच्या भाषणात, प्रकल्पात, जे काय आहे त्यात, यायलाच हवं.

मधली_सुट्टी
चौकटी पाचच आहेत हो. जपान!!

नागोया_रिटर्न
मी सहा वर्षं नागोयात काढली आहेत. जपानी माणूस एकटा निर्णय घेतच नाही, सगळे मिळून माना डोलावतात. त्यामुळे तिथे एक हुकूमशहा होणं शक्यच नव्हतं. रक्तातच नाही त्यांच्या.

जुनी_वही
रक्तात नाही, कायद्यात बघा. १८८९ च्या राज्यघटनेप्रमाणे सेना आणि नौदल थेट सम्राटाच्या हाताखाली. सेनाप्रमुख मंत्रिमंडळाला वळसा घालून सम्राटाकडे जाऊ शकत. त्यावर दुसरी मेख अशी, की युद्धमंत्री आणि नौदलमंत्री सेवेत असलेला अधिकारीच हवा. हा नियम १९०० चा. १९१३ मध्ये सैल केला, मे १९३६ मध्ये पुन्हा आवळला. मंत्रिमंडळ आवडलं नाही तर सेनेने फक्त माणूस द्यायचा नाही. गोळी झाडायचीही गरज नाही.

गोळ्याही झाडल्याच म्हणा. नौदलकपातीचा लंडन करार केला म्हणून पंतप्रधान हामागुचींवर नोव्हेंबर १९३० मध्ये टोकियो स्टेशनात गोळी झाडली, पुढच्या वर्षी ते गेले. १५ मे १९३२ ला पंतप्रधान इनुकाईंना घरात घुसून मारलं. मारेकरी तरुण नौदल अधिकारी. खटला चालला तेव्हा लोकांनी त्यांच्यासाठी दयेचे अर्ज पाठवले. अमेरिकेतल्या मंदीने रेशमाचे भाव कोसळले होते, खेड्यात मुली विकल्या जात होत्या, आणि पलटणीतले जवान त्याच घरांतले. सहानुभूती तिथून आली.

नागोया_रिटर्न
नियम माणसंच करतात, साहेब. तुम्ही तिथे राहिलात का कधी?

जुनी_वही
१९३६ मध्ये तुम्हीही नव्हता.

वरणफळ
मग हिरोहितो लावा. फेब्रुवारी १९३६ मध्ये चौदाशेवर सैनिकांनी बंड करून टोकियोचा मधला भाग ताब्यात घेतला. सम्राट भडकला, बंड मोडा म्हणाला, आणि चार दिवसांत मोडलं. म्हणजे त्याने मनावर घेतलं की होत होतं! १९३१ मध्ये मुकदेनला मांचुरियातल्या जपानी फौजेच्या, म्हणजे क्वांटुंग सेनेच्या, अधिकाऱ्यांनी आपल्याच रेल्वेमार्गावर स्फोट केला आणि खापर चिन्यांवर फोडलं. तेव्हा का नाही भडकला?

जुनी_वही
हा मुद्दा चांगला आहे. इतिहासकारही त्यावर अजून भांडतात. पण 'रोखलं नाही' आणि 'राज्य हाकलं' यात फरक आहे. टोजोचंही तेच. सायपान बेट अमेरिकेने घेतल्यावर जुलै १९४४ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. राजीनामा देणारा कसला हुकूमशहा?

वरणफळ
मुसोलिनीलाही राजाने जुलै १९४३ मध्ये काढलंच की. त्याचा फोटो उतरवायचा का?

जुनी_वही
…बरं. हे मान्य.

इंजिनदादा
जपानमध्ये महागाई किती होती?

जुनी_वही
उलट, भाव कोसळले होते! अर्थमंत्री ताकाहाशींनी डिसेंबर १९३१ मध्ये चलनाचा सोन्याचा आधार सोडला, सरकारी खर्च वाढवला आणि देश मंदीतून लवकर वर काढला. मग सेनेच्या खर्चाला कात्री लावायला गेले. त्याच १९३६ च्या बंडात त्यांना मारलं, वय ८१.

मधली_सुट्टी
मला एक फोटो हवा आहे. सोलापुरात आमच्या वाचनकट्ट्यावर वीस मिनिटं बोलायचंय, श्रोते बहुतेक निवृत्त, मागे पडद्यावर चित्रं. एवढंच.

तिरफळ
सोलापूर हे आत्ता सांगताय? मग जपानच्या चौकटीत कोटणीसच लावा. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक, तुमच्या गावचे. जपान्यांशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करताकरता डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच गेले, अवघे ३२ वर्षांचे.

वरणफळ
हुकूमशहांच्या रांगेत कोटणीस? सोलापूरकर पळवून लावतील.

जुनी_वही
कोटणीस बोलण्यात आणा, चौकटीत नको. चौकटीत उगाकी लावा. जनरल, माजी युद्धमंत्री. १९२५ मध्ये सेनेच्या चार डिव्हिजन कमी केल्याचा राग सेनेच्या मनात होता. जानेवारी १९३७ मध्ये सम्राटाने त्यांना मंत्रिमंडळ बनवायला सांगितलं. सेनेने युद्धमंत्री दिला नाही. उगाकी हात हलवत घरी गेले. खुद्द सम्राटाने सांगितलेला जनरलही पंतप्रधान होऊ शकला नाही. चार फोटो सत्तेवर बसलेल्यांचे, पाचवा बसू न दिलेल्याचा. वीस मिनिटांतली पाच त्यातच निघतील.

मधली_सुट्टी
हे आवडलं. उगाकी फायनल. आता त्यांचा बरा फोटो कुणाकडे आहे? मला सापडला तो बोटाच्या पेराएवढा, पडद्यावर नुसत्या मिशा दिसतायत.

तिरफळ
सालाझारचा मोठा आहे.

इंजिनदादा
माझ्याकडे नोटांच्या हातगाडीचा आहे. पाठवू?