'गो'चे भूतकाळी रूप 'वेन्ट' कसे झाले?

प्रश्न (अमळनेर) : 'प्ले'चे 'प्लेड' आणि 'सी'चे 'सॉ' होताना निदान पहिले अक्षर तरी टिकते; मग 'गो'चे 'वेन्ट' होताना मूळ शब्दाची खूणही का उरत नाही, असे सहावीतल्या एका मुलीने मला विचारले. "पाठ कर" एवढ्यावर तिची बोळवण करणे मला पटत नाही. कृपया व्युत्पत्ती सांगावी.

उत्तर (धुळे) : 'वेन्ट' मुळात 'गो'चे नव्हेच. वळणे, वाट धरणे या अर्थाचे 'वेन्ड' हे जुने क्रियापद होते आणि 'सेन्ड'चे 'सेन्ट', 'लेन्ड'चे 'लेन्ट' व्हावे तसे त्याचे 'वेन्ट' होत असे. 'गो'चे प्राचीन इंग्रजीतले भूतकाळी रूप 'एओडे' होते, आणि तेही वेगळ्याच धातूचे. ते मागे पडत गेले व पंधराव्या शतकाच्या सुमारास 'वेन्ट' त्याच्या जागी रूढ झाले. पुढे 'वेन्ड'ला 'वेन्डेड' हे नवे रूप मिळाले, पण आज ते क्रियापद मुख्यतः वाट काढत जाण्याच्या वाक्प्रचारात भेटते.

उत्तर (चोपडा) : मुलीला आधी 'जातो' आणि 'गेला' ही रूपे फळ्यावर लिहून दाखवा. 'जाणे' हे संस्कृत 'या' धातूपासून, तर 'गेला' हे 'गम्'च्या 'गत' या रूपापासून आले आहे. म्हणजे दोन धातूंचा संसार मराठीतही एकाच क्रियापदाखाली चालतो. आपल्या अहिराणीतही 'तो जास' आणि 'तो गया' असेच आहे, आणि घरी अहिराणी बोलणारे लेकरू ते कोणी न शिकवता बिनचूक वापरते. अशी रूपे रोजच्या तोंडातल्या क्रियापदांतच टिकतात, कारण ती लहानपणापासून इतक्या वेळा कानावर पडतात, की नियमाला तिथे शिरकावच मिळत नाही. मला तर हाच या प्रश्नाचा गाभा वाटतो.

उत्तर (रावेर) : उपयोगाबद्दल थोडे सांगतो. वडील जळगावला गेले आणि अजून परतले नाहीत, तर 'हॅज गॉन'. जाऊन आले असतील, तर 'हॅज बीन'. आपली मुले दोन्हीकडे 'गॉन' लिहितात, म्हणून हा फरक मुद्दाम घोटून घ्यावा. ट्रक वाटेत अडकला आणि केळी काळी पडली, तर माल वाया 'गेला' असे आपण म्हणतो आणि इंग्रजीतही तिथे 'गो बॅड' असेच येते. स्वप्न खरे होते तेव्हा मात्र इंग्रजी 'कम ट्रू' म्हणते.